तगादा आणि पुरावा

‘तगादा’ हा शब्द मराठीने फारसी ‘तकाजा’वरून घेतला. मुळात त्याचा अर्थ मागणी एवढाच. मराठीत रुळल्यावर त्याला चिकाटीचा, छळाचा आणि चारचौघांत होणाऱ्या मानहानीचा अर्थ चिकटला. दिलेले पैसे परत मागणे हा धनकोचा हक्क आहे, याविषयी कोणत्याही काळी दुमत नव्हते. ते कसे मागावेत, कोणत्या वेळी मागावेत, कोणासमोर मागावेत आणि मुळात देणे खरे आहे की नाही हे कोणी ठरवावे, हे प्रश्न मात्र प्रत्येक राजवटीपुढे नव्याने उभे राहिले.

आज हे प्रश्न दूरध्वनीवरून घरात शिरले आहेत. बंगळूर, दुबई किंवा न्यू जर्सी येथे राहणाऱ्या मराठी माणसाला एखाद्या दुपारी फोन येतो. बोलणारा कोणत्या तरी वित्तसंस्थेचे किंवा ‘लीगल डिपार्टमेंट’चे नाव सांगतो. कधी थकलेल्या, कधी केव्हाच फेडलेल्या, तर कधी घेतलेल्याच नसलेल्या कर्जाचा आकडा ऐकवतो. संध्याकाळपर्यंत रक्कम भरली नाही तर पोलीस दारात येतील, कार्यालयात कळवले जाईल, गावाकडच्या आईवडिलांना सांगितले जाईल, असे बजावतो. परमुलखात राहणाऱ्याला स्थानिक कायदा आणि भाषा या दोहोंचा पुरता भरवसा नसतो. त्यामुळे ही धमकी त्याच्यावर अधिक चालते.

या विषयाकडे मी प्रशासकाच्या नजरेने पाहतो आणि अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणूनही. शिवाय ज्या शहरात मी सध्या राहतो, त्या चेन्नईचा या इतिहासात मोठा वाटा आहे. खोट्या कर्जांच्या वसुलीचा एक अवाढव्य उद्योग अठराव्या शतकात याच शहरात चालला होता. त्याचा झटका तंजावरच्या मराठी राज्यालाही बसला होता. तो उद्योग कशाने उघडा पडला, हे समजून घेतले तर आजच्या फोनला काय उत्तर द्यावे हेही समजते.

वर्तुळ आणि धरणे

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो कोरोमंडल किनाऱ्यावर आला. या प्रदेशाला तो ‘माबार’ म्हणतो. संत थॉमसच्या समाधीचे जे वर्णन तो करतो, ते आजच्या चेन्नईतील मैलापूरचे मानले जाते. येथील ऋणवसुलीची एक चाल त्याने नोंदवून ठेवली आहे. वारंवार मागूनही ऋणको पैसे देत नसेल आणि धनकोला त्याच्याभोवती जमिनीवर वर्तुळ आखता आले, तर देणे चुकते केल्याशिवाय किंवा त्याची हमी दिल्याशिवाय ऋणकोने वर्तुळ ओलांडायचे नाही. ओलांडले तर शिक्षा मृत्यूची. एका परदेशी व्यापाऱ्याने खुद्द राजाभोवती, तो घोड्यावर असताना, असे वर्तुळ आखले आणि व्यापाऱ्याचे समाधान होईपर्यंत राजा जागचा हलला नाही, असे तो सांगतो.

मराठी मुलखात याच घराण्यातली चाल म्हणजे धरणे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ‘तकाजा’चे सविस्तर वर्णन आहे. बरोबरीच्या किंवा कनिष्ठ माणसाकडून येणे असेल तर त्याला घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. ऋणको वरिष्ठ असेल तर आधी विनवण्या करायच्या, त्याच्या अब्रूला हात घालायचा, त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडायचे, दाराशी आरडाओरडा करायचा. आणि शेवटी त्याच्या दारात उपाशी बसायचे. धनको उपाशी असेपर्यंत घरातल्या ऋणकोलाही अन्न वर्ज्य. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांतही धरण्यांची वर्णने आहेत.

या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात क्रौर्य होते आणि दुबळ्याच्या वाट्याला ते अधिक येई. इंग्रजी कायद्याने ती मोडून काढली. दैवी कोपाची भीती घालण्यासाठी दुसऱ्याच्या दारात धरणे धरणे, हे १८६० च्या भारतीय दंड संहितेत ५०८ व्या कलमाखाली उदाहरण म्हणूनच दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा ३५४ व्या कलमात आहे.

तरीही प्रशासकाच्या दृष्टीने या जुन्या तगाद्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. तगादा करणारा समोर असे. त्याला नाव, गाव आणि चेहरा होता. वर्तुळ आखणारा भर रस्त्यात ते आखी; धरणे धरणारा स्वतःही उपाशी राही. खोटे कर्ज सांगून दहा घरांसमोर एकाच दिवशी धरणे धरता येत नव्हते. गावाला खरेखोटे ठाऊक असे, आणि खोटा दावा करणाऱ्याची पतही त्याच चव्हाट्यावर पणाला लागे.

अर्काटच्या नबाबाची कर्जे

चेहरा आणि चव्हाटा नाहीसा झाला की काय होते, याचे पहिले मोठे उदाहरण मद्रासचेच आहे. अर्काटचा नबाब महंमद अली वालाजाह हा ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने मद्रासला येऊन राहिला. त्याच्यासाठी १७६८ साली बांधलेला चेपॉकचा राजवाडा आमच्या नुंगंबाक्कमपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. युद्धांचा खर्च आणि दरबारी थाट यांसाठी नबाब कर्ज काढीत गेला. कर्ज देणारे बहुतेक कंपनीचेच नोकर. पगार तुटपुंजा, पण नबाबाला चढ्या व्याजाने दिलेल्या कर्जांचे रोखे मात्र भरघोस. फेडीसाठी नबाब त्यांना एकेका तालुक्याच्या महसुलावर वराता देई. मग वसुलीची माणसे रयतेच्या दारात जात. ज्याने कर्ज घेतले नाही, ज्याला त्याचा पत्ताही नाही, त्या शेतकऱ्याच्या पिकातून ते फेडले जाई.

यातच तंजावर आले. १७७३ साली कंपनीच्या फौजेने नबाबासाठी तंजावर घेतले आणि तुळजाराजे भोसले कैदेत पडले. लंडनच्या संचालकांना हे रुचले नाही. त्यांच्या हुकमावरून गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी एप्रिल १७७६ मध्ये राजांना पुन्हा गादीवर बसवले. लगेच पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर पुढे आला आणि तंजावरच्या महसुलावर व तेथील रयतेवर मिळून २ लाख ३४ हजार पौंडांचा दावा सांगू लागला. नबाबाच्या ताब्यात राज्य असताना तेथील पीक आपल्याला तारण दिले होते, हे त्याचे म्हणणे. कौन्सिलातील बहुमत शेवटी बेनफील्डच्या बाजूला गेले. पिगट आड आले तेव्हा २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्यांच्याच कौन्सिलाने त्यांना अटक केली. मे १७७७ मध्ये ते नजरकैदेतच वारले. कागदावरच्या कर्जाची ताकद केवढी होती, याचा अंदाज यावरून यावा.

१७८४ च्या कायद्याने या कर्जांच्या चौकशीची तरतूद केली होती. ती टाळून लंडनच्या नियंत्रण मंडळाने बरीच कर्जे जशीच्या तशी मान्य केली. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्क यांनी ब्रिटिश संसदेत यावर प्रदीर्घ भाषण केले. भाषण अजरामर झाले. प्रस्ताव मात्र फेटाळला गेला.

१८०१ साली कंपनीने नबाबाचे राज्य ताब्यात घेतले आणि नवी कर्जे पुन्हा दाराशी आली. या वेळी मात्र १८०५ च्या कराराप्रमाणे आयुक्त नेमले गेले. त्यांनी प्रत्येक दावेदाराला साधे प्रश्न विचारले: रक्कम कधी दिली, कोणाला दिली, रोखा कोठे आहे, हिशेब दाखवा. हे काम जवळजवळ पाव शतक चालले. दावे होते सुमारे ३ कोटी ४ लाख पौंडांचे. पुराव्याला उतरले सुमारे २७ लाख पौंडांचे. शंभरातले नऊसुद्धा नाहीत! पहिल्या खेपेला न विचारता दिले गेले आणि दुसऱ्या खेपेला विचारल्यावर दहातले नऊ भाग गळून पडले. या एका प्रश्नाची किंमत इतकी होती.

सुप्याचे रोखे

महाराष्ट्रात हाच प्रश्न शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात आला. इंग्रजी दिवाणी न्यायालये आल्यावर सावकाराला धरणे धरण्याची गरज उरली नाही. समन्स आणि हुकूमनामा हेच त्याचे तगाद्याचे साधन झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतांना तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा. पण परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. अंगठा उठवणाऱ्याला खतातला आकडा वाचता येत नव्हता. दावा लागला तर तो न्यायालयात जात नसे. निकाल एकतर्फी होई. कागद होता, पण त्या कागदामागचे खरेखोटे कोणी पाहत नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगलखोरांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे. दिले नाहीत तरच मारहाण, असाच बहुतेक ठिकाणचा क्रम. शेतकऱ्याने शत्रू अचूक ओळखला होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा ‘दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा’ निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्याची कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. खतावरचा आकडा न्यायालयाने मुकाट मान्य करायचा नाही. व्यवहाराच्या मुळाशी जाऊन पहिली रक्कम किती, व्याज किती, फेड किती, याचा हिशेब काढायचा. धनकोने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यायचा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनी पळवाटही काढलीच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. कोणताही कायदा आला की पळवाट काही मागे राहत नाही. पण तत्त्व प्रस्थापित झाले: जो मागतो त्याने हिशेब दाखवावा.

गिरणीच्या दारात

शेतकऱ्याला मिळालेले हे संरक्षण शहरातल्या कामगाराला नव्हते. मुंबई, कलकत्ता येथे पठाण सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राही. न्यायालयाची पायरी तो सहसा चढत नसे. धाक हेच त्याचे न्यायालय होते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात याची दखल घेतली आणि कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा देणे हा फौजदारी गुन्हा करावा, अशी शिफारस केली. बंगालने १९३४ साली कामगारांच्या संरक्षणाचा कायदा केला; मध्य प्रांताने १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा.

मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यात ३३ वे कलम या विषयाला वाहिलेले होते. ऋणकोला अडवणे, धाक दाखवणे, ठिकठिकाणी त्याचा पिच्छा पुरवणे, त्याच्या मालमत्तेत ढवळाढवळ करणे, घरापाशी किंवा कामाच्या जागेपाशी घुटमळत राहणे, हा छळ ठरवून त्याला शिक्षा सांगितली होती. निव्वळ निरोप सांगण्या-ऐकण्यासाठी येणे मात्र गुन्हा नाही, असेही नमूद होते. मागणी आणि छळ यांच्यामधली सीमारेषा इतक्या नेमकेपणाने क्वचितच आखली गेली असेल. १९४६ च्या कायद्याची जागा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने घेतली. त्यातही छळाला शिक्षा आहे.

याच सुमारास, १९३६ साली, दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन कर्जापायी होणाऱ्या कैदेवर बंधने आली. पुढे १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याच्यापाशी खरोखर पैसे नाहीत त्याला केवळ न फेडल्यामुळे तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून बुडवण्याची वृत्ती दिसली पाहिजे. फोनवरचा माणूस ‘आजच अटक’ म्हणतो तेव्हा हा इतिहास आठवावा.

अदृश्य माणूस

दूरध्वनीने दोन गोष्टी बदलल्या. पठाणाला एका वेळी एकाच फाटकाशी उभे राहता येई. फोनवरचा माणूस दिवसभरात शेकडो दारे ठोठावतो आणि प्रत्येक ठोठावण्याचा खर्च नगण्य असतो. हजारातल्या एकाने जरी घाबरून पैसे भरले तरी धंदा फायद्यात. दुसरे म्हणजे चेहरा गेला. बँकेने वसुलीचे काम एजन्सीला द्यायचे, एजन्सीने कमिशनवरच्या पोराला. म्हणजे छळाचा फायदा एकाकडे आणि जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी व्यवस्था तयार होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठे नाव आहे. मराठीत ‘हात झटकणे’ म्हणतात.

या शतकाच्या आरंभी किरकोळ कर्जांचा सुकाळ झाला आणि तक्रारीही वाढल्या. २६ फेब्रुवारी २००७ रोजी प्रकाश कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले. मे २००८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात वसुली एजंटांनी अपमान केल्यानंतर आत्महत्या केलेल्या तरुणाचा विषय न्यायालयापुढे होता. त्याआधी, २४ एप्रिल २००८ रोजी, रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने त्या आणखी घट्ट केल्या: सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन नाही, निनावी किंवा धमकीचे फोन नाहीत, नातलग व मित्रांना त्रास नाही, चारचौघांत मानहानी नाही, आणि एजंटाच्या कृत्याची जबाबदारी बँकेची. १९४६ चे ३३ वे कलमच दूरध्वनीच्या युगात आले, असे म्हणता येईल.

पण ही बंधने परवाना असलेल्याला. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेलेल्या लोकांना काही हजारांचे कर्ज क्षणात देणारी अ‍ॅप्स फोफावली. अ‍ॅप घेताना फोनमधील सगळे संपर्क आणि छायाचित्रे हस्तगत केली जात. हप्ता चुकला की ऋणकोच्या ओळखीच्या माणसांना फोन आणि विकृत केलेली चित्रे जात. जानेवारी २०२१ मध्ये चेन्नई पोलिसांच्या केंद्रीय गुन्हे शाखेने तपास बंगळूरपर्यंत नेऊन दोन चिनी नागरिकांसह चौघांना अटक केली. तेथील केंद्रात शंभराहून अधिक मुलेमुली फोन करण्याच्या नोकरीवर होती. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला बाजारात सुमारे ११०० कर्जाऊ अ‍ॅप्स आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदा होती.

आणि जिथे कर्जच नाही अशी वसुलीही आलीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. अमेरिकेतील नागरिकांना ‘आयआरएस’ या तेथील करखात्याच्या नावाने फोन करायचा, कर थकला आहे, अटक होईल असे सांगायचे आणि गिफ्ट कार्डांवर पैसे भरायला लावायचे, असा तो धंदा होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच टोळीच्या ५६ व्यक्ती आणि भारतातील ५ कॉल सेंटरांवर आरोपपत्र जाहीर केले. २०१८ साली तेथे २१ जणांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी वीस वर्षांची. फसवले गेलेल्यांत परदेशी स्थायिक झालेले आपले लोकही होते. बेनफील्ड तंजावरच्या रयतेकडे तिने न घेतलेले कर्ज मागत होता. मीरा रोडच्या तरुणांनी तेच समुद्रापलीकडे केले.

फोन आल्यावर

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. कोणा दूरच्या परिचिताने अ‍ॅपवरून कर्ज घेतले होते आणि त्याच्या फोनमध्ये यांचा क्रमांक होता, एवढाच यांचा संबंध. दिवसाला आठ-दहा फोन येऊ लागले. घरातल्यांची झोप उडाली. या बाईंनी मात्र प्रत्येक फोनला एकच उत्तर दिले: ‘एळुदि कुडुंग’, म्हणजे लिहून द्या. कोणत्या संस्थेचे तुम्ही, माझे देणे कोणत्या कागदावर आहे, पत्र पाठवा. चौथ्या दिवशी फोन थांबले. १८०५ चे आयुक्त आणि १८७९ चा कायदा यांनी जे केले, तेच त्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता केले.

व्यवहारात याचा अर्थ असा. बोलणाऱ्याचे नाव, संस्थेचे नाव, एजन्सीचे नाव आणि कर्जखात्याचा क्रमांक विचारावा. आपला जन्मदिनांक, पत्ता, ओटीपी असे काहीही सांगू नये. मग फोन ठेवून त्या संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरण्यास संस्थांना सांगितले आहे. क्रमांक दुसराच असेल तर अधिक सावध राहावे. आपल्या नावावर खरोखर कर्ज आहे का, हे पत-माहिती कंपन्यांच्या अहवालात दिसते. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. कर्जाऊ अ‍ॅप कोणा मान्यताप्राप्त संस्थेचे आहे का, हे १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील सूचीत पाहता येते. पैसे भरायचेच तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात. कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा गिफ्ट कार्डावर कधीही नाही.

कर्ज न फेडणे हा स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही. धनादेश न वटल्यास गोष्ट वेगळी. पण तेथेही न्यायालयाचे समन्स येते, फोनवरून अटक होत नाही. फोनच्या वेळा, क्रमांक आणि संदेश जपून ठेवावेत. संस्था खरी असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात जावे. अमेरिकेत राहणाऱ्यांना १९७७ च्या कायद्याचा आधार आहे: व्यावसायिक वसुलीदाराने पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांत देण्याचा लेखी तपशील द्यायचा आणि ऋणकोला तो नाकारायला तीस दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये ऋणकोचा छळ १९७० पासून गुन्हा आहे.

देणे खरे असेल तर लपू नये. संस्थेला स्वतः पत्र लिहून अडचण सांगावी, हप्ते बदलून मागावेत. आणि घरच्यांना सांगावे. फोनवरच्या माणसाची सारी भिस्त या एका गोष्टीवर असते की ऋणको शरमेने कोणाला काही बोलणार नाही. आत्महत्येपर्यंत गेलेल्या बहुतेक कहाण्यांत कर्जाच्या रकमेपेक्षा हे एकटेपण मोठे दिसते. परगावी एकटा राहणाऱ्या मुलाला गावाकडच्या आईवडिलांनी एवढे जरी सांगितले की असा फोन आला तर आधी आम्हाला कळव, तरी अर्धी धमकी निष्प्रभ होते.

राहिलेले काम

तमिळनाडूने २००३ साली अवाजवी व्याजाविरुद्ध कायदा केला. येथे ‘कंदुवट्टी’, ‘मीटर वट्टी’ अशा नावांनी ओळखली जाणारी सावकारी त्याच्या कक्षेत आली. २०२५ साली कर्जवसुलीतील जबरदस्तीविरुद्ध येथे स्वतंत्र कायदा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेकायदा कर्जव्यवहारांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदाही जाहीर केला. हे सारे योग्य दिशेने आहे. तरी माझ्या मते एक साधी तरतूद अजून सर्वांसाठी, एका जागी आणि निःसंदिग्ध शब्दांत व्हायला हवी: लेखी तपशील पोचवल्याशिवाय कोणीही, परवानाधारक असो वा नसो, फोनवरून कर्जाची मागणी करू नये आणि तपशील पोचवल्याचे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर असावा. दख्खनच्या निरक्षर शेतकऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क १८७९ साली मिळाला होता. हातात भ्रमणध्वनी असलेल्या त्याच्या पणतूला तो मिळायला हरकत नसावी. आणि कायदा येईपर्यंत तो आपला आपण वापरायलाही कोणाची ना नाही.